तासन्तास बसणं आणि रक्तातली साखर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत जाणाऱ्या, आणि त्यातही साखर काठावर असलेल्या किंवा मधुमेह असलेल्या लोकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ज्या प्रयोगांचे आकडे दिले आहेत, त्यांतले बरेचसे एका दिवसाचे आणि कमी लोकांवर केलेले आहेत. जिथे पुरावा भक्कम नाही तिथे तसं सांगितलं आहे.

बसून राहिल्याने शरीरात नेमकं काय बिघडतं?

जेवणानंतर रक्तात उतरलेल्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांचे. खुर्चीत बसलं की हेच स्नायू जवळजवळ पूर्ण निवांत होतात. मग ग्लुकोज रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि ते खाली आणण्यासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडावं लागतं.

स्नायूच्या पेशीत ग्लुकोज शिरतं ते ग्लुट-४ नावाच्या वाहक प्रथिनातून. हे प्रथिन एरवी पेशीच्या आत पडून असतं. इन्शुलिनचा निरोप आला की ते पेशीच्या पृष्ठभागावर येतं. पण त्याला बाहेर काढण्याचं आणखी एक मागचं दार आहे: स्नायूचं आकुंचन. स्नायू आकुंचन पावला की इन्शुलिनची वाट न बघता ग्लुट-४ पृष्ठभागावर पोचतं. टाइप २ मधुमेहात इन्शुलिनचा निरोप नीट पोचत नाही, पण हा दुसरा मार्ग बऱ्यापैकी शाबूत असतो. तीन मिनिटं चालण्याने साखरेवर एवढा फरक का पडतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

शिवाय गुडघ्यात वाकलेल्या पायांतला रक्तप्रवाह बसल्यावर मंदावतो. सलग तीन तास बसवून ठेवलेल्या निरोगी तरुणांच्या पायातल्या धमन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झालेली प्रयोगांत दिसली. दर तासाला पाच मिनिटं चालू दिलं तेव्हा ती टिकून राहिली. रक्तातली चरबी वापरायला मदत करणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकरही पायांचे स्नायू थंडावल्यावर कमी होतं, पण त्याबद्दलचं मूळ काम उंदरांवर झालेलं आहे.

किती वेळाने उठायचं आणि किती मिनिटं?

एका ओळीत हवं असेल तर: दर अर्ध्या तासाने, तीन ते पाच मिनिटं, साध्या चालीने. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनाही मधुमेहींना दर ३० मिनिटांनी बसणं मोडायला सांगतात.

हे आकडे कुठून आले तेही बघू. मेलबर्नमध्ये २०१२ साली १९ जास्त वजनाच्या मध्यमवयीन लोकांना गोड आणि चरबीयुक्त पेय देऊन पाच तास बसवलं. एका दिवशी ते सलग बसले. दुसऱ्या दिवशी दर २० मिनिटांनी दोन मिनिटं ताशी ३.२ किलोमीटरच्या रमतगमत चालीने चालले, तर तिसऱ्या दिवशी त्याहून झपाझप. रमतगमत चालण्याने साखरेची चढ सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली, झपाझप चालण्याने सुमारे ३० टक्क्यांनी. इन्शुलिनही दोन्ही दिवशी जवळपास २३ टक्के कमी लागलं. म्हणजे घाम काढण्याचा फायदा थोडा, उठण्याचा जास्त.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात २०१३ साली ७० निरोगी लोकांवर आणखी नेमकी तुलना झाली. दिवसाच्या सुरुवातीला सलग अर्धा तास चालून पुढे नऊ तास बसणं एका बाजूला, आणि तेवढंच चालणं दर अर्ध्या तासाला १ मिनिट ४० सेकंदांच्या तुकड्यांत वाटणं दुसऱ्या बाजूला. साखर आणि इन्शुलिनच्या बाबतीत तुकडे जिंकले, आणि तेही चांगल्या फरकाने. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातल्या चरबीच्या बाबतीत मात्र सलग चालणं सरस ठरलं. हे दुसरं वाक्य समाजमाध्यमांवर कुणी सांगत नाही.

कोलंबिया विद्यापीठाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार वेगवेगळ्या मात्रा तपासल्या: अर्ध्या तासाला एक मिनिट, अर्ध्या तासाला पाच मिनिटं, तासाला एक मिनिट आणि तासाला पाच मिनिटं. साखर ठळकपणे उतरली ती फक्त अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यावर. वरचा रक्तदाब मात्र चारही प्रकारांत साधारण ४ ते ५ अंकांनी कमी राहिला. सहभागी लोक फक्त ११ होते, तेव्हा याला कायदा समजू नका, पण दिशा कळते: साखरेसाठी वारंवारता आणि मिनिटं दोन्ही लागतात, रक्तदाबाला थोडक्यातही फायदा होतो.

‘२४ टक्के घट’ म्हणजे माझी १८० ची साखर १३७ होईल?

नाही. टक्केवारी मोजलेली असते ती जेवणाआधीच्या पातळीच्या वर साखर किती चढली आणि किती वेळ चढलेली राहिली, यावर. समजा जेवणाआधी १०० होती आणि नंतर १८० झाली, तर चढ ८० ची. तिच्यातून चोवीस टक्के गेले तर ढोबळमानाने १६० च्या आसपास. तेही काही कमी नाही, पण १३७ ची आशा धरून मोजायला बसाल तर तिसऱ्या दिवशी नाद सोडाल.

नुसतं उभं राहिलं तर चालेल का? उभ्याने काम करायचं टेबल घेऊ का?

साखरेसाठी उभं राहणं चालण्याच्या मागेच राहतं. आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली सात प्रयोग एकत्र तपासले. बसण्याच्या तुलनेत अधूनमधून उभं राहिल्याने जेवणानंतरची साखर सरासरी साडेनऊ टक्क्यांनी कमी झाली, हलकं चालल्याने १७ टक्क्यांनी. धडधाकट तरुणांमध्ये तर दर २० मिनिटांनी दोन मिनिटं उभं राहून काहीच फरक पडला नाही असंही एका ब्रिटिश प्रयोगात दिसलं. उलट लेस्टरमध्ये, साखर आधीच चढी असलेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांनी दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं उभं राहिल्यावर चांगलीच घट झाली. सारांश असा की ज्याची साखर जितकी बिघडलेली, त्याला उभं राहण्याचाही तितका उपयोग.

टेबलाबद्दल म्हणायचं तर ते बसण्याचे तास नक्की कमी करतं. इंग्लंडमधल्या नगरपालिकांच्या कचेऱ्यांत ७५६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, नुसतं प्रशिक्षण आणि आठवणी दिल्या तर वर्षभरानंतर बसणं रोज २२ मिनिटांनी कमी झालं. सोबत उंची बदलता येणारं टेबल दिलं तर सुमारे ६४ मिनिटांनी. पण बसण्याऐवजी तिथेच खांबासारखं उभं राहायचं असेल तर आमच्या मते ते पैसे चांगल्या चपलांवर घालवलेले बरे. घेतलंच तर टेबलाची उंची कोपर काटकोनात राहील एवढी ठेवा, सुरुवातीला एका वेळी १५-२० मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नका आणि गुडघे ताठ आवळू नका. दिवसभर उभं राहणाऱ्यांना कंबरदुखी आणि पायांवरच्या फुगलेल्या शिरांचा त्रास होतो, हे दुकानातल्या आणि स्वयंपाकघरातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मी रोज सकाळी तासभर चालतो. मग दिवसभर बसलं तर काय बिघडलं?

फार बिघडत नाही, पण अजिबात नाही असंही नाही. २०१६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एकत्र विश्लेषण आलं. त्यात आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये दिसणारा जास्तीचा मृत्यूचा धोका, रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये दिसेनासा झाला होता. तेव्हा तुमचं चालणं वाया जात नाही. मात्र मध्यम श्रम म्हणजे मिनिटाला साधारण शंभर किंवा जास्त पावलं. ग्रुपमध्ये गप्पा मारत, मध्ये बाकावर बसत काढलेला तास त्यात धरू नका.

दुसरी बाजू अशी. टेक्सास विद्यापीठात काही जणांना चार दिवस रोज तेरा तासांहून जास्त बसवून, दिवसाला चार हजारांपेक्षा कमी पावलं चालू दिली. त्यानंतर ते तासभर पळाले. एरवी अशा पळण्याने दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची रक्तातली चरबी ठळक उतरते. इथे ती उतरली नाही. इतक्या बैठ्या दिवसांनंतर व्यायामाचा तो एक फायदा बोथट झाला होता.

शिवाय सकाळी सहाला चालणं आणि दुपारी दीडला वरण-भात खाऊन साडेसहापर्यंत खुर्चीत बसणं, यांत सात-आठ तासांचं अंतर आहे. दुपारची साखर दुपारच्या स्नायूंनीच उचलायची आहे.

जेवल्यावर किती वेळाने चालायचं? शतपावली पुरते का?

शंभर पावलं एक मिनिटभरात होतात. ती दहा मिनिटांपर्यंत वाढवा, म्हणजे हजारेक पावलं.

ओटागो विद्यापीठाच्याच २०१६ च्या अभ्यासात टाइप २ मधुमेहींच्या एका गटाला दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटं चालायला सांगितलं, नंतर त्यांनाच प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. एकूण वेळ तेवढाच. जेवणानंतर चालण्याने साखरेची चढ सरासरी १२ टक्क्यांनी कमी झाली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. रात्रीचा फरक मोठा असण्याचं कारण सरळ आहे: दिवसातलं सर्वांत जास्त पिष्टमय खाणं तेव्हा होतं आणि त्यानंतर माणूस सर्वांत कमी हलतो. रात्री साडेनऊला जेवून मालिका बघत सोफ्यावर आणि तिथून अंथरुणात जाणाऱ्या घरांत सुधारणेला सगळ्यात जास्त वाव आहे.

वेळेचं गणित: साखर बहुतेकांमध्ये पहिल्या घासापासून ३० ते ९० मिनिटांत शिखरावर जाते. म्हणून जेवण संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत चालायला लागा. भांडी आवरणं, ओटा पुसणं, डबे धुणं हेही धरा, ते उभ्याने होणारं काम आहे. भरल्यापोटी झपाझप चालू नका; रमतगमत चालच इथे हवी आहे. आंबट पाणी घशाशी येत असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबून निघा, पण आडवे होऊ नका.

दिवसातले सगळे अर्धे तास पाळणं जमणार नसेल तर आमचा सल्ला असा: जे मोजके विराम मिळतील ते प्रत्येक जेवणानंतरच्या दोन तासांत खर्च करा. दुपारी १.१५ ला डबा संपला तर १.३० ला दहा मिनिटं, मग २.००, २.३० आणि ३.०० ला तीन-तीन मिनिटं. सकाळी अकराचा विराम चुकला तर हळहळू नका.

ऑफिसात चालायला जागाच नाही. उठलं की सगळे बघतात.

जागेवर उभं राहून करायचा एक क्रम मेलबर्नच्या २०१६ च्या प्रयोगात वापरला होता. टाइप २ मधुमेह असलेल्या २४ लोकांनी आठ तासांत दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं एक तर चालायचं, नाही तर हा क्रम करायचा. दोन्हींत साखरेची चढ साधारण ३९ टक्क्यांनी कमी झाली. ट्रायग्लिसराइड मात्र या क्रमानेच ठळक उतरली.

प्रत्येक प्रकार वीस सेकंद, आणि तीन मिनिटं होईपर्यंत आलटूनपालटून:

- अर्धी बैठक: खुर्चीच्या पाठीला हात टेकून गुडघे अर्ध्यापर्यंत वाकवा. पूर्ण खाली जायचं नाही. गुडघेदुखी असेल तर आणखी थोडंच वाका.
- टाचा उचलणं: दोन्ही टाचा पूर्ण वर, क्षणभर थांबून सावकाश खाली. आपटत खाली आलात तर पोटरीला निम्मंच काम मिळतं.
- नितंब आवळणं: उभ्या उभ्या आवळून दोन-तीन सेकंद धरा आणि सोडा. हे लिफ्टमध्येही कुणाच्या लक्षात येत नाही.
- गुडघा वर: एकेक गुडघा कमरेच्या उंचीपर्यंत, टेबलाचा आधार घेऊन.

लोकांच्या नजरेवर सोपा उपाय म्हणजे फोन. येणारा प्रत्येक फोन उभ्याने आणि चालत घ्यायचा ठरवलं तर कुणी काही विचारत नाही. छापायला दिलेली कागदं आणायला स्वतः जा, पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी छोटा पेला ठेवा, एक मजला वर किंवा खालचं स्वच्छतागृह वापरा. मात्र पाण्याच्या यंत्रापर्यंतची वीस पावलं म्हणजे तीन मिनिटं नव्हेत. हा हिशेब बऱ्याच जणांचा इथेच चुकतो.

बसल्या बसल्या टाचा वर-खाली करून साखर निम्म्यावर येते, असा व्हिडिओ फिरतो. खरं आहे का?

त्यामागे खरा प्रयोग आहे, पण व्हिडिओत अर्धीच गोष्ट असते. ह्यूस्टन विद्यापीठाने २०२२ साली पोटरीच्या आतल्या सोलियस या स्नायूवर काम प्रसिद्ध केलं. पाय जमिनीवर सपाट, पंजा टेकलेला, फक्त टाच वर न्यायची आणि सैल सोडायची. त्यात ग्लुकोज दिल्यानंतरच्या तीन तासांत साखरेची चढ ५२ टक्क्यांनी कमी झाली. न सांगितलेला भाग असा की सहभागींनी हे दिवसभरात मिळून सुमारे साडेचार तास केलं, आणि स्नायूची हालचाल यंत्राने मोजून त्यांना ती शिकवली होती. दोन मिनिटं पाय हलवून तो आकडा येणार नाही. लांबच्या बैठकीत किंवा विमानात, उठताच येत नसेल तेव्हा करायला ही हालचाल चांगली आहे.

मी तर बारीक आहे. मला याची काय गरज?

आपल्याकडे हा प्रश्न जरा धोक्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो आणि मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही भारतीय ठेवण तेव्हापासून चर्चेत आहे. कमी स्नायू असतील तर साखर उचलणारे हातही कमी, आणि ते दिवसभर स्वस्थ ठेवणं जास्तच महाग पडतं.

लेस्टरमध्ये ६५ वर्षांवरच्या दक्षिण आशियाई आणि गोऱ्या युरोपीय लोकांची तुलना झाली. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हलकं चालल्याने दोन्ही गटांत इन्शुलिन कमी झालं, पण दक्षिण आशियाई गटात जास्त. आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीने २०२३ साली दिलेल्या अंदाजानुसार भारतात मधुमेही १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी आहेत. यांतले बरेच वजनकाट्यावर ‘ठीक’ दिसतात.

याने वजन कमी होईल का?

फारसं नाही. आठ तासांत दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं म्हणजे एकूण ४८ मिनिटं. सत्तर किलोच्या माणसाला बसण्यापेक्षा जास्तीच्या साधारण ८० ते ९० कॅलरी जातील, म्हणजे तेल लावलेली एक पोळी. सहा तास बसण्याऐवजी उभं राहिलं तर जास्तीच्या सुमारे ५४ कॅलरी. वजनासाठी ताट बघा. हे विराम साखर आणि इन्शुलिनसाठी आहेत.

उलट वजन वाढण्याची एक वाट मात्र आहे. प्रत्येक उठण्याला चहा जोडला आणि कपात दोन चमचे साखर असेल, तर चार कपांत चाळीसेक ग्रॅम साखर पोटात जाते. सोबत बिस्किटं वेगळीच.

गजर लावला, पण आठवड्यात बंद करून टाकला. काय करू?

दर अर्ध्या तासाचा गजर चुकीच्या क्षणी वाजतो: फोन चालू असताना, हिशेब जुळत आलेला असताना. दोन-चार वेळा तो दाबला की हाताला सवय लागते आणि नंतर तो ऐकूच येत नाही. म्हणून वेळेपेक्षा कामाच्या सांध्याला उठणं बांधा. एक फाइल संपली, मेल पाठवली, एक ग्राहक गेला, तास संपला की उठा. गजर फक्त जेवणानंतरच्या दोन तासांपुरता ठेवा.

मनगटावरच्या घड्याळांवरही डोळे मिटून विसंबू नका. बरीच घड्याळं तासाला एकदा आठवण करतात आणि मिनिटभर उभं राहिलं की समाधान मानतात. काही हात हलवल्यावरही फसतात. जमत असेल तर आठवणीचा काळ अर्ध्या तासावर आणा आणि दर वेळी अडीचशे-तीनशे पावलं हे लक्ष्य धरा.

सुरुवात पहिल्या आठवड्यात फक्त दुपारच्या जेवणानंतर करा, दुसऱ्या आठवड्यात रात्रीचं जेवण जोडा, मग सकाळ. एकदम सोळा विराम सुरू करणारे लवकर दमतात.

मी रिक्षा, बस चालवतो, शिवणकाम करते, काउंटरवर असतो, अभ्यासिकेत असते. मला दर अर्ध्या तासाला उठता येणार नाही.

चालकांचा प्रश्न या विषयाइतकाच जुना आहे. लंडनच्या दुमजली बसवरचे वाहक जिने चढत-उतरत होते आणि चालक बसून होते. ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं की चालकांमध्ये हृदयविकार जास्त होता. गाडी चालवताना पायांचे कोणतेही प्रकार करू नका. थांबा, फेरीचा शेवट, सीएनजीची रांग, टोलनाक्याजवळची थांबायची जागा, इथे खाली उतरून पाच मिनिटं चाला. आणि जेवून लगेच गाडीत बसण्याऐवजी दहा मिनिटं काढा. जेवणानंतरची गुंगीही त्याने उतरते.

शिवणकामात पायाने चालवायच्या मशीनवर घोटा आणि पोटरी सतत हलत असायची. मोटर बसवली आणि तेवढीही हालचाल गेली. प्रत्येक कपड्याच्या बेतणीला उभं राहा, इस्त्री उभ्याने करा, काजं-बटणं झाली की उठून टाचांचे वीस सेकंद घ्या.

बँकेत, तिकीट खिडकीवर ग्राहक समोर असतो, तिथे उभ्याने सेवा देणं हा पहिला पर्याय. अभ्यासिकेत पाठांतर, उजळणी आणि चालू घडामोडी जिन्याजवळ किंवा गॅलरीत चालत करा; खुर्ची लिहिण्यासाठी आणि गणितासाठी ठेवा. तासातून एकदाच उठता येत असेल तर तेव्हा पाच मिनिटं घ्या, आणि शक्य असेल तर त्यात जिना धरा.

इन्शुलिन किंवा गोळ्या चालू आहेत. काही धोका?

हलक्या चालण्याने धोका कमी, पण शून्य नाही. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या औषधांवर असणाऱ्यांची साखर सवय नसताना खाली जाऊ शकते. पहिले काही दिवस जास्त वेळा तपासा. ७० च्या खाली गेली, किंवा हातपाय थरथरून घाम सुटला, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. असं वरचेवर होऊ लागलं तर डॉक्टरांना मात्रा बदलायला सांगा, स्वतः बदलू नका. एकट्या मेटफॉर्मिनवर असं क्वचितच होतं.

पायांना बधिरपणा असेल तर ऑफिसातही अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर फिरू नका. रोज रात्री तळवे आरशात बघा. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठल्यावर अंधारी येत असेल तर उठण्याआधी बसूनच दहा-पंधरा वेळा टाचा हलवा, मग आधार धरून उभे राहा. दृष्टिपटलावर मधुमेहाचा मोठा परिणाम झालेला असेल तर जोरकस बैठका टाळा, चाला. चालताना छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ आली तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. एकाच पोटरीला अचानक सूज, दुखणं आणि ऊब जाणवली तर ती चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते.

मला फरक पडतोय का, हे घरी कसं तपासायचं?

ग्लुकोमीटरने, पण पद्धतशीर. दोन दिवस निवडा. दोन्ही दिवशी तोच डबा, तितक्याच पोळ्या, तितकाच भात, औषध त्याच वेळी. एका दिवशी जेवून दोन तास बसून राहा, दुसऱ्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे उठा. जेवणाआधी, आणि पहिल्या घासापासून ६०, ९० आणि १२० मिनिटांनी तपासा. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. आंबा किंवा गुळाचा अंश बोटावर राहिला तर आकडा उगाच फुगतो.

ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणून एका जोडीवर निष्कर्ष काढू नका. अशा दोन जोड्या करा, म्हणजे सोळा पट्ट्या लागतील. सगळे आकडे एकाच दिशेने हलले तर तो फरक खरा. एखादाच आकडा दहाने कमी आला तर तो यंत्राचाही असू शकतो. साखर सतत मोजणारा दंडावरचा सेन्सर वापरत असाल तर तो रक्तापेक्षा पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो, हे ध्यानात ठेवा.

एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) किती उतरेल? गोळी बंद होईल का?

गोळी बंद होण्याच्या अपेक्षेने हे करू नका. जेवणानंतरच्या साखरेतली घट त्याच दिवशी दिसते आणि पुन्हा बसून राहिलात तर दुसऱ्या दिवशी तिथेच. तीन महिन्यांच्या सरासरीत मोठी घट होते असा दावा करण्याएवढ्या लांब आणि मोठ्या चाचण्या उपलब्ध नाहीत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं माप कायम आहे, त्यासोबत आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायामही. विराम त्याच्या जोडीला आहेत, बदली नाहीत.

जमिनीवर मांडी घालून बसलं तर?

तेही बसणंच. फायदा आहे तो खाली बसण्या-उठण्यात. हात न टेकता जमिनीवरून उठायला मांड्या आणि नितंब पुरेसे राबतात. जेवायला पाटावर बसत असाल तर ते सोडू नका. गुडघे बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र खुर्चीवरून दहा वेळा उठबस करावी.

रात्रपाळी असते. मग वेळा कशा ठेवायच्या?

तेच जेवण रात्री घेतलं तर साखर दिवसापेक्षा जास्त चढते, कारण शरीराच्या घड्याळाप्रमाणे रात्री इन्शुलिनची कामगिरी ढेपाळते. म्हणून रात्रपाळीत विरामांची गरज जास्त. मुख्य जेवण पाळीआधी आठ-नऊच्या सुमारास करा आणि त्यानंतर दहा मिनिटं चाला. मध्यरात्री खायचंच तर भात-बिर्याणीऐवजी मूठभर शेंगदाणे, ताक किंवा उकडलेली अंडी घ्या, आणि त्यानंतरचे दोन तास दर अर्ध्या तासाला उठा. पहाटे तीन ते पाचमध्ये झोप अनावर होते, तेव्हा साखरेच्या चहाऐवजी पाच मिनिटांचा जिना घ्या. कॅबमध्ये बसण्याआधीही एकदा चाला, विशेषतः प्रवास तासाभराहून जास्त असेल तर.